फिल्मी मासिकाची वर्षभराची वर्गणी : गॉसिप शिळं, ब्लाऊजचे गळे ताजे

आधी सांगते मी कोण, म्हणजे हा रिव्ह्यू कोणत्या टेबलावरून लिहून राहिली ते समजेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यापासून बारा-तेरा किलोमीटर आत आमचं गाव, तिथं माझं लेडीज टेलरचं दुकान, दोन शिलाई मशीन, एक पिकोचं, आणि समोर एक बाकडं. बाकड्यावर कायम तीन-चार बाया असतातच, कोणी माप द्यायला, कोणी ब्लाऊज झालं का पाहायला, आणि कोणी नुसत्याच. मागच्या वर्षी पाडव्याच्या सुमारास मी एका हिंदी फिल्मी मासिकाची वर्षाची वर्गणी भरली, तेच ते, कोणाचं कोणाशी सुरू आहे, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या लग्नात कोण आलं नाही, हे सगळं चकचकीत कागदावर. मासिकाचं नाव घेत नाही, माझ्या काही तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडण मांडायचं नाही.

तुम्ही म्हणाल मोबाईल असताना मासिक कशाला. माझा नवरा पण हेच म्हणे. तर ऐका. गिऱ्हाईक येते, मोबाईल पुढं करते, "असं शिवून द्या". त्यात हिरॉईनचं तोंड दिसते, साडी दिसते, मागचा गळा दिसत नाही. मोठा करून पाहिला की फोटो फुटते, बोट लागलं की भलतंच काही सुरू होते, तेवढ्यात तिला माहेरून फोन येते आणि ती मोबाईल घेऊन बाहेर, मी इकडं हातात कात्री धरून उभी. आणि मशीनच्या तेलाचे हात कोणाच्या मोबाईलला कसे लावायचे. मासिकाचं तसं नाही, पान उघडून मशीनच्या बाजूला ठेवा, वरून कात्री ठेवा, पेन्सिलनं तिथंच गळ्याची खोली लिहा, कोणी काही म्हणत नाही. म्हणजे मी गॉसिपसाठी घेतलंच नव्हतं, फोटोसाठी घेतलं. गॉसिप फुकट आलं त्याच्यासोबत.

पैशाचं सांगते. अंकाची किंमत १०० रुपये, बारा अंकांचे १,२०० होतात, ऑफरमध्ये ८४० ला मिळालं आणि सोबत एक लिपस्टिक गिफ्ट. लिपस्टिक आजपर्यंत आली नाही. कस्टमर केअरवाली पोरगी दर वेळी सांगे, मॅडम प्रोसेसमध्ये आहे. आता वर्ष झालं, प्रोसेसमध्येच असेल बिचारी.

पहिला अंक यायला सात आठवडे लागले. मृग लागला, लोकांची पेरणीची घाई सुरू झाली, तरी पत्ता नाही. मला वाटलं गेले पैसे. तर मग एक दिवस पोस्टाचा पोरगा सायकलवर प्लास्टिकच्या पाकिटात घेऊन आला, म्हणे "काकू, तुमच्या नावानं हिरॉईन आली". नवीन वर्गणीला एवढा वेळ लागतेच म्हणे, कारण नाव पुढच्या अंकाच्या यादीत जाते, चालू अंकाच्या नाही. हे फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मी नंतर वाचलं. आणखी एक, मासिक साध्या पोस्टानं येते, त्याला स्पीड पोस्टासारखा नंबर नसते की कुठं पोचलं पाहून घ्यावं. नोंदणी झालेल्या मासिकांना पोस्टात सवलतीचा दर असते, आत कुठंतरी बारीक टायपात नोंदणीचा नंबर आणि पोस्टात टाकायच्या तारखा छापलेल्या असतात, ते पान शोधून ठेवा. मी त्या तारखेपासून दिवस मोजते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आतल्या गावाला आठ-दहा दिवस धरा, पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर मोजूच नका.

आता खरी गंमत. जून आला, जुलै आला, ऑगस्टचा आला नाही. पोळा झाला, सप्टेंबरचाही नाही. मी पोस्टात जाऊन विचारलं, तो पोरगा शपथ घेऊन म्हणे काकू आलंच नाही थैलीत. कंपनीला फोन केला, त्या म्हणे मॅडम आमच्याकडून डिस्पॅच झालं. हे "आमच्याकडून" ऐकलं की मला शिवणकामातल्या गिऱ्हाईकाची आठवण येते, "आमच्याकडून कापड पूर्ण दिलं होतं". मग झालं असं की माझी मावसबहीण खुर्दला राहते, आमचं गाव बुद्रुक, मध्ये फक्त एक नाला आणि पिनकोड एकच. ती दिवाळीच्या ब्लाऊजचं माप द्यायला आली आणि बाकड्यावरचा जुलैचा अंक पाहून म्हणते, "अवं, असंच पुस्तक आमच्या न्हाव्याच्या दुकानात हाय, दोन हायेत".

मी दुसऱ्याच दिवशी गेली. कटिंगच्या दुकानात आरशाखाली माझे दोन्ही अंक, पाकिटावर माझं नाव स्पष्ट, गावाचं नाव स्पष्ट, आणि "बु." गायब. फॉर्ममध्ये पत्त्याच्या ओळीत जेवढी अक्षरं मावली तेवढीच लेबलवर छापली, शेवटचं "बु." कापून टाकलं. आता बुद्रुक नाही लिहिलं तर पोस्टवाला काय करेल, त्यानं आपल्या अंदाजानं खुर्दच्या थैलीत टाकलं. दुकानवाला भाऊ भला माणूस, म्हणे "ताई, मले वाटलं कोनी फुकटात पाठवून राह्यलं, म्या काऊन नाई म्हनू". शब्दकोडं सोडवून ठेवलं होतं, अर्धं चूक. एका नटाच्या दाढीवर पेननं गोल केला होता, तशी दाढी कोणा गिऱ्हाईकानं मागितली असेल. मी अंक मागितले तर एक पोट्टा खुर्चीवर साबण लावून बसलेला, तो म्हणे थांबा ना काकू, दोन पानं राहिली.

तर ज्यांच्या गावाला खुर्द-बुद्रुक आहे, आणि आपल्याकडं कोणत्या गावाला नाही, त्यांनी फॉर्म भरताना "बुद्रुक" किंवा "खुर्द" गावाच्या नावाच्या आधी लिहा, पूर्ण लिहा आणि पहिल्या ओळीत लिहा. मोबाईल नंबरही पत्त्यातच टाका. एवढं केलं की काम झालं, ऑक्टोबरपासून एकही अंक चुकला नाही.

आता आतल्या मालाचं.

गॉसिप म्हणून विचाराल तर शिळं. शिळं म्हणजे रात्रीची भाकर सकाळी तसं नाही, ती तर दह्यासोबत चांगली लागते. हे परवाचं बेसन. मासिक छापायच्या कितीतरी दिवस आधी मजकूर तयार होते, मग छापाई, मग पोस्ट, मग आमचा नाला. एका जोडप्याची चार पानी मुलाखत होती, आम्ही किती सुखी, सकाळचा चहा तोच करून देतो वगैरे, आणि तो अंक माझ्या हातात यायच्या आधीच ते वेगळे झाल्याचं सगळ्या बाकड्यानं मोबाईलवर पाहिलेलं. बाया ते चहाचं वाचून इतक्या हसल्या की एकीच्या तोंडातली टाचणी खाली पडली आणि आम्ही सगळ्या ती शोधत बसलो. म्हणून म्हणते, बातमीसाठी पैसे घालू नका.

पण एक प्रकार आहे जो शिळा होत नाही, तो म्हणजे नाव न घेता लिहिलेल्या चार ओळी. एक मोठी हिरॉईन, एका नव्या हिरोसोबत, एका हिल स्टेशनवर, समझनेवाले समझ गये. आमच्याकडं हे वाचायचं काम मास्तरीणबाईंकडं. त्या रिटायर झालेल्या, आवाज खणखणीत, वर्गात धडा वाचावा तसं वाचतात आणि शेवटी चष्म्यावरून पाहतात, सांगा कोण. मग सुरू. सरपंचाची सून एक नाव घेते, मागच्या घरची वहिनी म्हणते छट्, ती तर आता जाड झाली, हिल स्टेशनवर चढन का. अर्धा तास जाते. आणि एकदा तर वाचता वाचता गाडी मुंबईवरून आमच्याच गावात आली, कोणाचं तरी ट्रॅक्टरचं आणि कोणाच्या तरी घराचं, आणि त्या कोणाची चुलत जाऊ तिथंच हूक लावत बसलेली. मी घाईघाईनं मशीन सुरू केली, मोठ्या आवाजाची आहे म्हणून बरी.

मास्तरीणबाईंचा भाचा यवतमाळला वकील आहे, तो एकदा आला होता तर मी त्याला विचारलंच, हे लोक नाव का घेत नाहीत. तो म्हणे अब्रुनुकसानी. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९९ आणि ५०० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३५६ झालं. पण नाव नाही घेतलं म्हणून सुटले असंही नाही म्हणे, वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला तरी केस होऊ शकते. मग ते वर्णन असं ढगळ ठेवतात की चार जणींना बसेल. मी म्हटलं भाऊ, असंच तर आम्ही रेडिमेड गाऊन शिवतो, फ्री साईज.

मास्तरीणबाईंना या धंद्याचा लहानपणापासून नाद. त्या अमरावतीला शिकल्या, तिथं सिनेमाच्या डिस्ट्रिब्युटरांची ऑफिसं होती, पोस्टर आणि फिल्मी पुस्तकं सहज दिसायची. त्या सांगतात की फिल्मफेअर १९५२ चं, ते त्यांच्या मोठ्या भावाच्या कॉलेजात यायचं, सभ्य, फोटो आणि मुलाखती. खरी तिखट फोडणी १९७१ मध्ये स्टारडस्ट निघाल्यावर पडली. नारी हिरा मालक, आणि संपादक कोण तर आपली मराठी पोरगी, शोभा राजाध्यक्ष, तिचं पुढं शोभा डे झालं, तेव्हा वय असेल तेवीस-चोवीस. त्याच काळात देवयानी चौबळ, तीही मराठी, इंग्रजीत मध्येच हिंदी शब्द घालून लिहायची आणि मोठमोठे हिरो तिला टरकून असायचे. मास्तरीणबाई हे सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा पाहावा, जसं काही दोघी त्यांच्या वर्गातल्याच. आणि अमिताभचं तर त्या दर दोन महिन्यांनी सांगतात. १९७५ ची आणीबाणी, छापायच्या मजकुरावर सेन्सॉर बसला, फिल्मी पत्रकारांच्या डोक्यात बसलं की यामागं अमिताभ आहे, म्हणून त्यांनी त्याच्यावर बहिष्कार टाकला, त्याचं छापायचंच नाही. मग त्यानंही पत्रकारांशी बोलणं टाकलं. कित्येक वर्षं हे चाललं आणि नेमका त्याच वर्षांत तो सगळ्यात मोठा झाला. "म्हंजे पाय," मास्तरीणबाई म्हणतात, "यायच्यावाचून काई अडत नाई कोनाचं."

आता उलटं आहे, आता छापून यायला रांग आहे. मी वर्ष संपल्यावर बाराही अंक कटिंगच्या टेबलावर मांडले, नुसती गंमत म्हणून. आठ कव्हरवर जो होता किंवा जी होती तिचा पिक्चर त्याच महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात लागला. म्हणजे आतल्या मुलाखतीत ती रडली, तिचं बालपण, तिचं एकटेपण, सगळं बरोबर शुक्रवार पाहून. विमानतळावरचे फोटो तसेच, पोरी म्हणतात अचानक काढलेले, मी शिवणारी बाई आहे, मला दिसते ना, अचानक निघालेल्या बाईच्या पॅन्टला अशी कडक इस्त्री नसते.

एक पान मात्र मला लय आवडलं, कोणता पिक्चर कुठं किती चालला ते. त्यात मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम असे भाग, आणि एक भाग "सीपी बेरार". वहिनी म्हणे हे कोणतं गाव. मास्तरीणबाई खूश. म्हणे हे आपणच! मध्यप्रांत आणि वऱ्हाड, तो प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश झाला, आपण १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, पण सिनेमाच्या व्यापाऱ्यांनी नकाशा बदललाच नाही, त्यांच्या वहीत आपण अजून बेरार. त्या दिवशी त्या पानावर आमच्या बाकड्यानं जेवढी चर्चा केली तेवढी कोणत्याच लफड्यावर नाही केली. नाही तर अख्ख्या वर्षात आपल्या भागाचं एक अक्षर नाही. भरत गणेशपुरे आपल्या अमरावतीकडचा, घराघरात माहीत, त्याचं काही नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं काही नाही, वडसा देसाईगंजला दिवाळीनंतर नाटक कंपन्यांची केवढी धामधूम असते, रात्र-रात्र लोक बसतात, तिथल्या हिरॉईनचे पण चाहते आहेत, त्यांची पण भांडणं असतील, छापा ना. माझी बहीण गडचिरोलीकडं दिलेली आहे, ती तर म्हणते तुमच्या मुंबईवाल्यांपेक्षा आमच्या नाटकवाल्यांचं गॉसिप भारी. मराठी सिनेमाची पण दोनच पानं, तीही जाहिरातीसारखी.

आता माझ्या कामाचं, फोटो. इथं मासिकाला मी पूर्ण मार्क देते, म्हणजे दहात आठ. कागद जाड, रंग खरे. मोबाईलवर मरून रंगाचं दिसते ते प्रत्यक्षात राणी रंगाचं निघते आणि मग गिऱ्हाईक भांडते, कागदावर तसं कमी होते. बाराही अंकांतून मी एकूण सतरा मागचे गळे उतरवले. दिवाळी अंकात एका लग्नाचे सोळा पानं फोटो होते, त्यातल्या करवलीच्या ब्लाऊजला मागून पोटली बटणं आणि खाली एकच बारीक डोरी, ते डिझाईन मी लग्नसराईत अकरा जणींना शिवून दिलं. अस्तर धरून साध्या ब्लाऊजचे मी अडीचशे घेते, त्या डिझाईनचे साडेचारशे, हिशोब तुम्हीच करा, ८४० कधीच निघाले. बाह्यांचे फोटो मात्र कमी येतात, हात नेहमी केसात नाही तर कमरेवर, बाही कशी बसवली ते कळतच नाही. आणि अर्ध्या हिरॉईनी आता विदेशी गाऊन घालतात ते आमच्या काय कामाचं, आमच्याकडं वरातीत गाऊन घालून चाललं तर आधी गोखरू चिकटते.

माझी आई म्हणते पूर्वी मराठीत "चंदेरी" नावाचं फिल्मी पुस्तक यायचं, गौतम राजाध्यक्ष त्याचे संपादक आणि फोटो पण त्यांचे, तसे चेहरे आता कोणी काढत नाही. तिच्याकडं दोन-तीन जुने अंक अजून ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्यांसोबत. मी काढून पाहिले, खरंच, एका फोटोत सुती साडीचा काठसुद्धा मोजता येते. पण गळे सगळे बंद, धंद्याच्या दृष्टीनं उपयोग नाही.

जाहिराती खूप. गोरं व्हायचं क्रीम, दागिने, कोणतं तरी ज्योतिष. ज्योतिषाचं पान आमच्याकडं सगळ्यात आधी फाटते, एक बाई आपली रास कापूनच घेऊन गेली, तिच्या मागच्या पानावर माझा बोट नेक होता.

शेवटची तक्रार मोठी आहे, लक्ष द्या. पैसे भरताना मी यूपीआयनं भरले आणि कुठंतरी एक टिक तशीच लागलेली राहून गेली, ऑटो-पेची. वर्ष संपायला आलं आणि मेसेज आला की उद्या पुढच्या वर्षाचे पैसे कटणार, आणि ते ८४० नाही, १,२००, ऑफर पहिल्याच वर्षाची. नशीब की असा मेसेज किमान चोवीस तास आधी द्यावाच लागते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, नाही तर मला कळलंच नसतं. कंपनीला फोन केला तर परत प्रोसेस. मग माझ्या पोरानं सांगितलं, आई, त्यांना कशाला विचारते, आपल्याच यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेच्या यादीत जाऊन बंद कर. दोन मिनिटांत झालं. कंपनीची परवानगी लागत नाही. हे आधी माहीत असतं तर मी टिक कुठं आहे ते चष्मा लावून पाहिलं असतं. आणि नाहीच ऐकलं कोणी तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, मला लागला नाही, तुम्ही लिहून ठेवा.

मग परत घेणार का, हे बाकड्यावरच्या सगळ्या विचारून राहिल्या. १,२०० ला नाही. मी बंद करून नव्यानं दुसऱ्या नंबरवरून ऑफरमध्ये भरणार होती, तेवढ्यात खुर्दवरून त्या कटिंगवाल्या भावाचा फोन. मला वाटलं परत माझा अंक तिकडं गेला. तर तो म्हणे, "ताई, औंदा पुस्तक नाई आलं आमच्याकडं, गिऱ्हाईक इचारते. तुमी भरा, अर्धे पैसे मी देतो, तुमचे गळे पाहून झाले का पंधरा दिवसानं इकडं पाठवत जा." मी म्हटलं चालते, पण शब्दकोडं माझं. तो म्हणे त्यावर विचार करून सांगतो.